अकरा दोषांची गाडी

आप्पांचा चेहरा मी नोकरीला लागल्यावर तीन आठवड्यांनी पाहिला. तोपर्यंत मला त्यांचा फक्त उजवा हात माहीत होता. सिल्वासाजवळ सायली गावातल्या आमच्या कारखान्यात स्टोअरला एक खिडकी होती, शाळेच्या वहीएवढी, आणि तिलाही जाळी. जाळीखाली हात जाईल एवढी फट. त्या फटीतून हात बाहेर यायचा, तळवा वर करून थांबायचा, आणि आतून आवाज यायचा, "बिल्ला."

आमच्याकडे प्रत्येक कामगाराला एक पितळी बिल्ला मिळायचा. त्यावर नंबर कोरलेला. माझा दोनशे चौदा. स्टोअरमधून पाना, ड्रिल, काहीही न्यायचं असेल तर बिल्ला द्यायचा. आत भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक खिळ्याखाली हत्याराचं नाव रंगवलेलं. हत्यार बाहेर गेलं की त्याच्या खिळ्यावर बिल्ला लटकायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. मधल्या काळात कंपनीने कॉम्प्युटर दिला होता. आप्पांनी त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि वर पाण्याची बाटली ठेवली. त्यांचं म्हणणं असं की कॉम्प्युटरला कोणीही काहीही सांगितलं तरी तो मानून घेतो.

कोणी वाद घातला की, "आप्पा, मी कालच पाना परत केला," तर ते चिडत नसत. बोट मागे दाखवायचे. "माले काय विचारतो? खिळ्याले विचार."

ते धुळ्याकडचे. सत्तावीस वर्षं सिल्वासात काढली, पण 'मला'चं 'माले' सुटलं नाही. गुजराती सुपरवायझरशीही ते तसंच बोलायचे आणि त्यालाही ते कळायचं.

हातमोजे जुने दाखवल्याशिवाय नवे मिळत नसत. एकदा माझा उजवा मोजा हरवला. मी डावा घेऊन गेलो. आप्पांनी तो उलटसुलट करून पाहिला, आत फुंकर मारली आणि मला एक नवा डावा मोजा दिला.

"आप्पा, हरवलाय उजवा."

"दाखवला कोनता?"

"डावा."

"मंग डावा घे."

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेजचा दरवाजा पाहिलेला पहिला माणूस. हे मी लपवत नाही आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. नंदुरबारला माझे वडील मिरचीच्या मार्केटला हमाल आणि आई मिरची वाळवायच्या मैदानावर, पथारीवर, देठ खुडायला जायची. डिग्री घरी आणली त्या दिवशी आईने ती हातात घेतली नाही. म्हणाली, "माझ्या हाताला तिखट आहे, डाग पडेल." लांबूनच बघितली. तर असा मी, लॅबमध्ये बसणारा माणूस, दोन डावे मोजे घेऊन महिनाभर काम करत होतो. आप्पांवर मी का चिडून होतो ते यावरून कळावं.

बाहेरून आलेला माल तपासून चलानाच्या मागे शेरा मारायचं कामही त्यांचंच होतं. त्यांच्याकडे दोनच शेरे होते: 'परत' आणि 'चालेल'. 'चांगला' असा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. एका पुरवठादाराने एकदा हसत विचारलं होतं, "आप्पा, कभी तो अच्छा लिखो." आप्पा म्हणाले, "अच्छा लिहिलं आन् उद्या खराब निघालं, तर कोन खोटं पडलं? मी का तू?" आणि सही. सहीचं त्यांचं वेगळंच. तुम्ही रजिस्टरवर सही केली की ते मागची पानं चाळत, तुमची जुनी सही शोधत, दोन्हीवर बोट ठेवून जुळवत. रोज भेटणाऱ्या माणसाचीसुद्धा. एकदा मॅनेजरसाहेबांची जुळली नाही म्हणून त्यांना दुसऱ्यांदा करायला लावली होती. साहेबांनी केली.

नोकरीला लागल्यावर तीन आठवड्यांनी मी नरोलीला चाळीत राहायला आलो तेव्हा कळलं, ते आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे, एकटेच. बायको गावी. आम्ही सगळे कंपनीच्या बसने सायलीला जायचो, आप्पाही. पण त्यांच्या दारात एक मोटारसायकल होती, ताडपत्रीखाली. ताडपत्रीला सुतळी, सुतळीला गाठ, आणि गाठ अशी की ती फक्त त्यांनाच मारता यायची. दुसऱ्याने सोडून पुन्हा बांधली तर कळलं पाहिजे, हा हेतू. शिवाय संध्याकाळी ते मागच्या टायरवर खडूने एक रेघ मारत आणि ती तशीच खाली फरशीवर ओढत. सकाळी टायरची रेघ आणि फरशीची रेघ जुळली तरच दात घासायला जात. बस असताना गाडी का ठेवली, असं मी एकदा विचारलं.

"बस बंद पडली तर?"

"आणि बस चालू असेल तेव्हा?"

"तवा गाडी जपून ठेवायची. बस बंद पडंल तवासाठी."

भाजीवाल्याकडे ते टोमॅटो घेण्याआधी त्याला एक खायला लावायचे. फोन आला की उचलत, पण बोलत नसत. समोरच्याने आधी नाव सांगायचं, मग गावाचं नाव, मग ते "हां" म्हणत. त्यांची बायको सांगायची म्हणे, की लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मला रोज नाव सांगावं लागतं.

हे असे का, याची एक गोष्ट बसमध्ये सगळे सांगायचे. आप्पांची आधीची एक गाडी होती. ती त्यांनी कारखान्यातल्याच एका ओळखीच्या माणसाला विकली. पैसे घेतले, किल्ली दिली, कागद नावावर करायचे राहिले. आता आमच्याकडे सिल्वासात दारू मिळते आणि पाच-दहा किलोमीटरवर हद्द ओलांडली की गुजरात, तिथे बंदी. त्या माणसाने गाडीच्या सीटखाली बाटल्या भरल्या आणि नाक्यावर सापडला. तो पळाला, गाडी राहिली. गाडीचं पुस्तक आप्पांच्या नावावर. चार महिने आप्पा गुजरातच्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत होते. ज्यांनी बिल्ल्याशिवाय साधा पाना दिला नाही, त्यांनी अख्खी गाडी बिल्ल्याशिवाय दिली होती.

लोक म्हणत, तेव्हापासून ते असे झाले. मला हे पटत नाही. ते आधीपासूनच असे असणार. त्या एका दिवशीच तसे नव्हते. मी त्यांना एकदा विचारलंही. ते म्हणाले, "त्या दिवशी मी रजेवर होतो." स्टोअरच्या रजेबद्दल बोलत नव्हते ते.

आता माझ्या गरजेचं सांगतो.

आमच्या कंपनीचं गलोंड्याला नवीन युनिट सुरू होणार होतं. तिथे लॅबला शिफ्ट इनचार्ज पाहिजे होता. पगार वाढणार होता, पण खरं सांगायचं तर मला त्या 'इनचार्ज' शब्दाचंच जास्त अप्रूप होतं. पहिली शिफ्ट सकाळी सहाची आणि त्या वेळी गलोंड्याला कंपनीची बस जात नव्हती. शेअर रिक्षाही मिळत नाही. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे गाडी आहे ना? नाहीतर मग मी दुसऱ्याला सांगतो, त्याच्याकडे आहे."

मी म्हणालो, "आहे सर."

नव्हती. मला चालवता यायची, कॉलेजात मित्राच्या गाडीवर शिकलो होतो, लायसनही होतं. पण गाडी नव्हती. हातात तीन आठवडे आणि वीस हजार रुपये. त्यात कागद, विमा, हेल्मेट सगळं बसवायचं होतं. एक तारखेला सकाळी सहाला मी गलोंड्याच्या गेटवर गाडीसकट दिसलो नाही, तर जागाही गेली असती आणि खोटं बोललो हेही कळलं असतं.

पहिल्या आठवड्यात मी आमलीला एक गाडी पाहायला गेलो. विकणारा मोठा गोड माणूस होता, घेऊनच जा म्हणत होता. "लई जाव ने भाई, एकदम मख्खन छे." गाडी चमकत होती. एका किकमध्ये सुरू झाली. मी इंजिनाला हात लावला तर गरम. मी येण्याआधीच त्याने ती तापवून ठेवली होती. मग सीट उचलली. खाली पत्र्याचा एक डबा वेल्डिंग केलेला होता, लांबट, आतून गोणपाट लावलेला. बाटल्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून लावतात तसा.

"हे काय?"

"टिफिन मूकवा माटे," तो म्हणाला, म्हणजे टिफिन ठेवायला. डोळ्याची पापणी हलली नाही त्याची.

मी वास घेतला. बी.एस्सी. केमिस्ट्रीला एवढं तरी येतं. तो टिफिन जेवणाचा नव्हता.

दुसरी गाडी पाहिली तिचा चेसिस नंबर घासलेला. तिसरीचा मालक गाडी दाखवत होता पण स्वतःचं घर कुठे ते सांगत नव्हता. मग मला माणसांचंच भय वाटायला लागलं. जो हसायचा तो का हसतो, असं वाटायचं; जो हसायचा नाही तो हसत का नाही, असं.

त्याच आठवड्यात बातमी आली की आप्पा महिनाअखेरीस रिटायर होतायत आणि गाडी विकणार आहेत. इथल्या पासिंगची गाडी धुळ्याला न्यायची म्हणजे पुन्हा सगळे कागद, म्हणून. आठ जणांनी विचारलं, आठ जणांना नकार मिळाला. एक जण दारू प्यायचा. एक पीत नव्हता, पण त्याचा मेहुणा प्यायचा. एक "घाईत दिसून राहिला" म्हणून. माझा रूम पार्टनर तलासरीचा, तोही गेला होता. आप्पांनी त्याला विचारलं, "गावाले कोनत्या रस्त्याने जातो?" त्याने मोकळेपणाने सांगितलं, भिलाडवरून. भिलाड गुजरातेत. संपलं.

मी गेलो तेव्हा मीही तयारीत गेलो होतो. नंदुरबारचा रस्ता तर वापी, सुरत करत नवापूरपर्यंत सगळा गुजरातेतूनच जातो.

"गावाले कसा जाशील?"

"एस.टी.ने. गाडी इथेच ठेवीन."

"कोनाजवळ?"

"कोणाजवळ नाही. कुलूप लावून."

आप्पा उठले. मग आत गेले आणि एक वही घेऊन आले. त्यातल्या एका पानावर गाडीचे अकरा दोष त्यांनीच नंबर टाकून लिहिले होते. डावा इंडिकेटर तडकलेला. दुसरा गिअर थंडीत अडतो. हॉर्न पावसात घसा बसल्यासारखा वाजतो. पुढचा ब्रेक आवाज करतो पण लागतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर खोटं सांगतो. असे अकरा. वाचून दाखवले आणि एकेक दोष गाडीवर बोट ठेवून दाखवला. मीटर चौदा हजार किलोमीटर. किंमत अठरा हजार, बाजारात तशी गाडी पंचवीसच्या खाली नव्हती.

मी खोलीवर येऊन पार्टनरला सांगितलं. तो चटईवर पडून मोबाईल बघत होता.

"स्वतःच दोष सांगतोय?"

"लिहून देतोय."

तो उठून बसला. "मग अकरा सांगतोय म्हणजे बारावा लपवतोय. मोठा दोष असेल. अकरा छोटे सांगितले की माणूस बारावा शोधत नाही."

हे माझ्या मनात आधीच आलं होतं. स्वस्त का? एवढे कमी किलोमीटर का? मी दोन संध्याकाळी आप्पांकडे जाऊन बारावा दोष शोधला. टाकी वाजवून पाहिली. सीटखाली बघितलं, स्वच्छ. चेसिस नंबर मोबाईलच्या बॅटरीने वाचला. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. रागावले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काल तू सायलेन्सरमध्ये बोट घातलं नाही. घाल."

घातलं. काही सापडलं नाही, आणि त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

महिना संपायला चार दिवस राहिले तेव्हा मी हो म्हणालो. आप्पांनी अट सांगितली. आर.टी.ओ.चे फॉर्म दोघांनी जाऊन भरायचे, पण नवं कार्ड यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत गाडी चालवणार मी आणि नाव त्यांचं.

"बिल्ला काय देशील?" त्यांनी विचारलं.

"पैसे देतोय ना आप्पा. अठरा हजार. रोख."

"पैसे गाडीचे झाले. नावाचं काय? नाव माझं फिरंल रस्त्यावर."

"आधार कार्ड ठेवा."

"आधार पन्नास काढता येतात."

"मग काय देऊ?"

"तुझं नाव ज्याच्यावर लिहेल शे आन् तुले परत पाहिजेच असं काही." थोडं थांबून म्हणाले, "बी.एस्सी. बी.एस्सी. करून राहिला ना दोन वर्षांपासून? ते आन."

 मी सांगितलं, "आप्पा, डिग्री म्हणजे पाना नाही खिळ्याला लटकवायला." आणि निघून आलो. दोन दिवस त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. ज्या कागदाला माझ्या आईने हात लावला नाही, तो हा माणूस मागणार. एक कालबाह्य स्टोअरकीपर, दहावी नापास. उद्या हरवला तर? उद्या म्हणाला, दोन हजार दे मग देतो, तर? त्यांची माझ्यावर शंका होती, तर माझीही त्यांच्यावर असणारच.

पण एक तारीख काही लांब जात नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी किलवणी नाक्याला गेलो आणि डिग्रीची रंगीत झेरॉक्स काढली. जाड कागदावर. दुकानवाल्याने दोन्ही शेजारी धरून सांगितलं, "ओरिजनल से भारी." युनिव्हर्सिटीचा शिक्का तेवढा खऱ्यावर उठावाचा होता, बोटाला लागायचा. झेरॉक्सवर तो नुसताच दिसायचा. मी झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. खरी डिग्री ट्रंकेत, कपड्यांच्या खाली.

हे मी केलं. अभिमानाची गोष्ट नाही, पण केलं.

आप्पांनी फोल्डरमधून कागद बाहेर काढला. मला वाटलं होतं तसाच फोल्डर ठेवतील. त्यांनी तो उजेडाकडे धरला. माझं नाव वाचलं, वडिलांचं वाचलं, इंग्रजी येत नव्हतं तरी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. शिक्क्यावर अंगठा आला. अंगठा तिथे गोल गोल फिरला, एकदा, दोनदा. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघू नये म्हणून टायरवरच्या खडूच्या रेघेकडे बघत होतो.

"खरंच शिकला का तू हे?"

"म्हणजे काय आप्पा?"

"मंग सांग. कपड्यावरचं ग्रीस कशानं निघतं?"

"आधी रॉकेल, मग साबण. साबणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला."

"दोन्हीकडून धरतं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. कागद परत फोल्डरमध्ये घातला. खोलीत भिंतीवर त्यांनी एक नवा खिळा ठोकला होता. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'गाडी'. त्यावर माझा फोल्डर लटकला. मग ती दोषांची वही पुढे आली. अकरा दोषांच्या खाली दोन-तीन ओळी लिहिलेल्या होत्या.

"सही कर. वाचून."

मला तिथून निघायचं होतं. दोष मी चार वेळा ऐकले होते. मी सही केली. त्यांनी पैसे मोजून घेतले, आर.टी.ओ.त भरलेल्या फॉर्मच्या प्रतीवरच्या माझ्या सहीशी ती जुळवली आणि किल्ली दिली.

एक तारखेला सकाळी पावणेसहाला मी गलोंड्याच्या गेटवर होतो. दुसरा गिअर अडला, पण तो क्रमांक दोनचा दोष असल्यामुळे मला माहीत होता. मॅनेजरसाहेब गाडीकडे बघून म्हणाले, "अरे, ही तर आप्पांची." मी म्हणालो, "आता माझी."

आप्पा रिटायर झाले, हार-नारळ झाला, सगळ्यांना वाटलं दुसऱ्या दिवशी धुळ्याची गाडी पकडतील. ते गेले नाहीत. घरमालकाला आणखी एका महिन्याचं भाडं दिलं. कार्ड आल्याशिवाय नरोली सोडणार नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं. आणि रोज संध्याकाळी माझ्या खोलीसमोर येऊन मीटर वाचायला लागले. खिशात चिठ्ठी.

"काल चौदा हजार एकशे बेचाळीस होते. आज एकशे शहात्तर. चौतीस. गलोंडा येऊन-जाऊन अठ्ठावीस. सहा कुठं गेले?"

"भाजी आणली आप्पा."

"सहा किलोमीटरची भाजी?"

"सिल्वासातून आणली. इथे महाग आहे."

"काय आनलं?"

"गिलके."

ते आत डोकावून गिलके बघून गेले. पार्टनर हसून लोळत होता. म्हणाला, "तुझी सासू आली रे." मला हसू येत नव्हतं. तो म्हातारा माणूस, बायको तिकडे वाट बघतेय, आणि हा इथे माझ्या झेरॉक्सची राखण करत बसलाय, महिन्याचं भाडं भरून. दरवेळी त्यांचा आवाज आला की मला वाटायचं, आज कळलं. आज कोणीतरी शिकलेला माणूस त्यांच्या खोलीवर आला असेल, त्याने फोल्डर उघडला असेल. त्यांनी नुसतं आर.टी.ओ.त जाऊन अर्ज मागे घेतला असता तरी माझी गाडी गेली असती, आणि गाडीबरोबर गलोंडा. मी त्यांच्याकडे संशयाने बघायचो आणि ते मीटरकडे.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. माझं नाव, गाडीचा नंबर. आता तो कागद परत घ्यायची मला खरं तर गरजच नव्हती. वीस रुपयांची झेरॉक्स. पार्टनर म्हणाला, "जाऊ नको. गाडी तुझ्या नावावर झाली, विषय संपला." एक संध्याकाळ मी गेलो नाही. त्या संध्याकाळी आप्पाही मीटर बघायला आले नाहीत. मी खिडकीतून गल्ली बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर सरळ त्यांच्या दारात गाडी उभी केली.

सामान बांधून तयार होतं. दोन पिशव्या, एक ट्रंक. भिंतीवर तो एकच खिळा आणि माझा फोल्डर. आप्पांनी कार्ड घेतलं, उजेडाला धरलं, बाहेर जाऊन फडक्याने पुसून चेसिस नंबर एकेक आकडा जुळवला. मग आत येऊन खिळ्यावरून फोल्डर काढला, माझ्या हातात दिला आणि वही पुढे केली.

"बिल्ला परत मिळाला. सही."

या वेळी मी वाचलं. का कोणास ठाऊक. अकरा दोष, त्याखाली माझ्या सहीच्या वरची ओळ: 'मोटारसायकल, नग एक, चालू स्थितीत. बिल्ला: डिग्रीची झेरॉक्स, रंगीत. चालेल.' खाली माझी सही. आणि सहीच्या खाली वेगळ्या शाईत: 'बारा. घेणारा न वाचता सही करतो.'

मी 'झेरॉक्स' या शब्दावर बोट ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"सत्तावीस वर्षं माल तपासला भो मी."

"मग दिली कशी गाडी?"

त्यांनी पिशवीचं तोंड सुतळीने बांधायला घेतलं होतं. गाठ पुरी झाल्यावर बोलले. "खरी आनली असती तर दिली नसती. जो माणूस स्वतःची डिग्री माझ्यासारख्याच्या खिळ्याले लटकवून जातो, तो माझी गाडी उद्या कोनालेबी देऊन टाकंल."

"आणि मी आज आलोच नसतो तर?"

"काल नाही आला. मी तिकीट काढलं नाही," ते म्हणाले. "बिल्ल्यात काय असतं? पितळ. मोडीत दोन रुपये येतील. पन माणूस त्याच्यासाठी परत येतो."

ते बसपर्यंत माझ्या मागे बसून आले. पहिल्यांदाच त्या गाडीवर मागे बसले असतील. दोन्ही हातांनी सीटचा पट्टा धरून, दुसरा गिअर अडला की "क्लच पूर्ण दाब" सांगत. पण ते नंतरचं. निघण्याआधी मला सही करायची होती.

मी पान पुन्हा वरपासून वाचलं, अकराही दोष आणि बारावाही, आणि मग सही केली. आप्पांनी वही स्वतःकडे फिरवली, चष्मा लावला, आणि एक बोट जुन्या सहीवर, एक नव्या सहीवर ठेवून दोन्ही जुळवून पाहिल्या.